अध्यक्ष म्हटलं की एकच!

"या वेळी अमेरिकेला पहिला निकाल मी देणार!" असं जाहीर करून किन तायमांग्लो नीरफणसाच्या झाडाखाली पुन्हा आडवा झाला.

मोठमोठ्या घोषणा आडवं पडूनच करायच्या, ही त्याची जुनी सवय. तायमांग्लो या आडनावाचा ग्वाम बेटाच्या चामोरू भाषेत अर्थ 'वारा नसलेला'. ज्या पूर्वजानं हे आडनाव घेतलं त्यानं किनला पाहिलं नव्हतं, एवढंच! याच्या डोक्यात बारमाही वारं. समुद्रावरून येणारं, जरा खारट, जरा पेंगुळलेलं. तालोफोफोच्या खाडीवरच्या त्या चिमुकल्या विद्यापीठात वर्गांच्या खिडक्या पाण्याकडे उघडायच्या आणि हजेरी संपते न संपते तोच किन खिडकीतून निघून जायचा. देह बाकावर, बाकी सगळा लाटांवर.

"कसला निकाल?" डेलिया क्विचोचोनं विचारलं. ती त्याच्याच वर्गात होती आणि त्याच्या स्वप्नांना टाचणी लावायचं काम तिनं पहिल्या वर्षापासून फुकटात पत्करलं होतं.

"अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा! आपल्या विद्यार्थ्यांचा कौल घ्यायचा. तिकडे मुख्य भूमीवर उजाडायच्या कितीतरी आधी ग्वामला उजाडतं. म्हणजे अख्खा देश घोरत असताना माझा निकाल बाहेर!"

"आणि आपल्याला मत कुठाय रे बाबा?"

हे मात्र खरं होतं. ग्वामची माणसं अमेरिकेची नागरिक, पोरं अमेरिकेच्या सैन्यात, पण अध्यक्ष निवडायचा हक्क तेवढा नाही. नोव्हेंबरात मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची नावं छापतात, लोक हौसेनं खूण करतात, ती मतं मोजतातही. मोजतात, पण धरत नाहीत. लग्नात नवरदेवाच्या धाकट्या भावाला फेटा बांधतात ना, तसं.

"म्हणून तर!" किन चक्क उठून बसला. "ज्याला मतच नाही त्याचं मत निर्मळ! ना लोभ, ना भीती. घाण्यावरचं शुद्ध खोबरेल, डेलिया!"

आणि बोलता बोलता त्याचे डोळे मिटायला लागले. त्याला दिसत होतं, की दूर तिकडे थंडीच्या मुलखात टीव्हीवरची सोनेरी केसांची बाई घसा खाकरून म्हणतेय, "आता आपण जाऊ या तालोफोफोला, मिस्टर ताय... तायमां..." बिचारीची जीभ अडखळतेय आणि किन मोठ्या मनानं हसून म्हणतोय, "किन म्हणा हो, नुसतं किन." मागे निळं पाणी हलतंय. पांढरे पक्षी टीव्हीच्या आत-बाहेर उडतायत.

"किन! घोरतोयस!" डेलिया ओरडली.

हे स्वप्न नुसतं हौसेचं नव्हतं, त्यात पोटापाण्याचा भागही होता. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प किननं दोन वेळा अर्धवट सोडला होता. या वेळी झाला नाही तर पदवी हुकणार. इकडे डिसेंबरातल्या पदवीदानाचं आवतण आईनं सगळ्या सोयऱ्यांना देऊन टाकलेलं आणि मामानं मेजवानीसाठी डुक्कर पोसायला घेतलेलं. किन नापास झाला असता तर डुक्कर वाचलं असतं, पण आईच्या तावडीतून किन वाचला नसता.

प्रकल्प तपासणाऱ्या होत्या प्रोफेसर बातुंगबाकाल. मॅडम फिलिपिनो, आणि त्यांच्या आडनावाचा अर्थ लोखंडी दगड. तायमांग्लो आडनावाला जागला नव्हता, मॅडम पुरेपूर जागल्या होत्या.

"कर पाहणी," त्या म्हणाल्या, "पण प्रश्न छोटा ठेव. मागच्या खेपेला तुझा प्रश्न संपेपर्यंत उत्तर देणारा पदवी घेऊन नोकरीला लागला होता!"

किन कामाला लागला. पहिला मसुदा 'येत्या नोव्हेंबरात होऊ घातलेल्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या' अशा थाटाचा होता. त्यानं एकेक शब्द सोलायला घेतला. नोव्हेंबर गेला. संयुक्त संस्थानं गेली. अमेरिकाही गेली. शेवटी हातात मऊ, गोड गर तेवढा उरला: 'सध्याचे अध्यक्ष राहावेत की बदलावेत? का?'

"कुठले अध्यक्ष, ते लिही ना," डेलिया म्हणाली.

"अगं, जगात अध्यक्ष म्हटलं की एकच!"

डेलियानं तोंड उघडलं होतं. ती काय म्हणणार होती हे तेव्हा कळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. रोता बेटावरची तिची चुलतआजी वारली होती. डेलिया तशीच पिशवी उचलून विमानतळावर गेली, आणि किनच्या स्वप्नाला टाचणी लावणारं कोणी उरलं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. तिकडे विद्यापीठाच्या प्रमुखालाही अध्यक्षच म्हणतात! तालोफोफोचे अध्यक्ष डॉक्टर फेलिक्स मानिबुसान, गोल चेहऱ्याचे, घाम पुसत चालणारे गृहस्थ. त्यांची मुदत त्याच वर्षी संपत होती आणि त्यांना ठेवायचं की नवा माणूस आणायचा, हे विश्वस्त मंडळ त्याच महिन्यात ठरवणार होतं. कँटीनमधल्या मांजरापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. किनला नव्हतं. ती सूचना वर्गात वाचून दाखवली तेव्हा तो लाटांवर होता.

पाहणीला सुरुवात झाली ती कँटीनच्या रांगेत. पहिलाच भेटला एक पैलवानी अंगाचा पोरगा, ताटात लाल भाताचा डोंगर घेऊन.

"अध्यक्ष? बदला की!" तो म्हणाला. "एसी गळतोय केव्हाचा. वर्गात छत्री घेऊन बसतो आम्ही!"

'पायाभूत सुविधांबद्दल तीव्र नाराजी,' किननं लिहून घेतलं. काय नेमकं बोलतात पोरं!

"कधी दिसतच नाहीत," दुसरा म्हणाला. "सारखे आपले विमानात."

'परराष्ट्र दौऱ्यांविषयी असंतोष.'

"पण बायको भारी हं त्यांची!" पोहण्याच्या संघातली एक मुलगी म्हणाली. "आम्ही जिंकलो की स्वतः लाटिया करून पाठवते. वर दालचिनी अशी मस्त भुरभुरवलेली!"

किनची पेन्सिल थबकली. राष्ट्राध्यक्षांची पत्नी? आपल्या बेटावरचा कस्टर्डचा लाटिया? तालोफोफोच्या जलतरण संघाला? क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे व्हाइट हाउसचं स्वयंपाकघर तरळलं, पांढरं शुभ्र, आणि मधोमध एक प्रेमळ बाई कस्टर्ड ढवळतेय... इतक्या लांबच्या बेटाची किती ही माया!

"माझ्या गाडीला ठोकलंय त्यांनी," मागून एकजण करवादला.

"ठोकलंय? म्हणजे आर्थिकदृष्ट्या?"

"दारावर!"

"दारावर..." किननं मान डोलावली. संधीचं दार! वा! हा मुलगा वाङ्मयाचा असणार.

संध्याकाळी त्यानं आकडे मांडले. शंभरातल्या सत्तरांना बदल हवा होता. त्यानं त्यावर एक लांबलचक टिपण लिहिलं, 'बेटावरच्या तरुणांचा कौल' असं नाव दिलं आणि मुख्य भूमीवरच्या जेवढ्या वर्तमानपत्रांचे पत्ते सापडले तेवढ्यांना धाडून दिलं. मग खिडकीत हनुवटी टेकून तो पाण्याकडे बघत बसला. त्याचं टिपण त्याला जाताना दिसत होतं, लाटेवरून लाटेवर, उडत्या माशासारखं टपटप करत.

टिपण त्या दिशेला किती गेलं देव जाणे. दुसऱ्या दिशेला मात्र बातमी फारच वेगात गेली! कारण त्या कँटीनच्या रांगेत टोनामावशी उभी होती. टोनामावशी म्हणजे किनच्या आईची मावसबहीण आणि डॉक्टर मानिबुसान यांची सेक्रेटरी. कोंबडीच्या केलाग्वेनचा डबा हातातच ठेवून ती साहेबांच्या खोलीत शिरली.

"सर, तुमच्यावर मतदान चालू आहे!"

"माझ्यावर?"

"ठेवायचं की घालवायचं! आमचा किनच विचारत हिंडतोय. विश्वस्तांनीच नेमलं असणार त्याला. दिसतो झोपाळू, पण आतल्या गाठीचा आहे, सर. त्याचा बाप असाच होता!"

डॉक्टर मानिबुसान मटकन खुर्चीत बसले. घर, गाडी, पद, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे भरतीच्या पाण्यात तरंगू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किन झाडाखाली पडला होता. डोळे किलकिले करून बघतो तर शेजारी साक्षात डॉक्टर मानिबुसान मांडी घालून बसलेले! तो धडपडून उठला, बेटाच्या रीतीप्रमाणे त्यांचा हात नाकाशी नेऊन नमस्कार केला.

"बस, बस," डॉक्टर म्हणाले. "सहज आलो. काय म्हणतायत पोरं... अध्यक्षांबद्दल?"

एवढा मोठा माणूस आणि राजकारणाची केवढी ही आस्था! किनला धन्य वाटलं.

"खरं सांगू, सर? अवघड आहे त्यांचं."

डॉक्टरांनी रुमाल काढला. "फारच?"

"लोक म्हणतात, दिसत नाहीत. भाषणं लांबवतात."

"लांबवतात?"

"संपतच नाहीत म्हणे. पण बायको चांगली आहे असं सगळेच म्हणाले."

"ते खरंय," डॉक्टर पुटपुटले. "मग आता काहीच उपाय नाही?"

किननं समुद्राकडे नजर लावली. असा सल्ला कुणीतरी विचारावा म्हणून तो जन्मभर थांबला होता.

"आहे ना, सर! शेवटच्या टप्प्यात चित्र पालटतं. माणसानं खुर्ची सोडून लोकांत यावं. त्यांच्या साध्या साध्या तक्रारी दूर कराव्यात. चार घास खाऊ घालावेत. आमच्या लोकांना जेवू घालणारा माणूस कधी वाईट वाटलाय का?"

"जेवू घालावं..." डॉक्टर उठले. त्यांनी किनचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. "तुझे उपकार विसरणार नाही, पोरा."

'किती भावनाप्रधान माणूस!' असं म्हणून किन पुन्हा आडवा झाला.

आणि चमत्कार सुरू झाले! एसी दुरुस्त झाला. इतका दुरुस्त झाला, की पोरं वर्गात अंगावर टॉवेल घेऊन बसू लागली. भिंतींना समुद्राच्या पाण्यासारखा फिकट हिरवा रंग लागला. वाङ्मयीन वाटलेल्या त्या मुलाच्या गाडीला कोरं दार बसलं. किन हे सगळं बघत होता. त्याला एकच गोष्ट आठवत होती, की हे सगळं त्याच्या टिपणात होतं! शब्दन् शब्द!

"पोचलं," तो स्वतःशीच म्हणाला. "टिपण व्हाइट हाउसला पोचलं!"

तो हवेत तरंगतच पाहणीची दुसरी फेरी घ्यायला गेला. तोच प्रश्न, तीच कँटीनची रांग, आणि उत्तरं पार उलटी!

"राहू देत की!" पैलवान म्हणाला. "चांगला माणूस आहे. काल स्वतः कोंबडी भाजून घातली आम्हाला."

"कोणी?"

"अध्यक्षांनी! एप्रन घालून. फिनादेनीच्या सॉसमध्ये मिरची जरा जास्त झाली होती, पण म्हटलं जाऊ दे, मनापासून करतोय."

किनच्या हातून पाटी खाली पडली. "इथं? अध्यक्ष इथं आले होते?"

"जिमच्या मागे. उद्या दुपारी परत भाजणार आहेत. सगळ्यांना बोलावलंय."

दुसऱ्या एखाद्यानं इथं दोन घटका विचार केला असता. पण किनकडे कारणं तयारच होती. अध्यक्षांचं विमान आशियाकडे जाता-येता उत्तरेच्या लष्करी तळावर इंधन भरायला उतरतं, हे बेटावर कुणाला ठाऊक नाही? निवडणूक तोंडावर आलेली. कौल विरोधात गेलेला. आणि कौल देणारा कोण? किन तायमांग्लो! आता गाजावाजा न करता माणूस स्वतः आला नाही तरच नवल!

तो घरापर्यंत पळत गेला. जन्मात पहिल्यांदा!

"आई! राष्ट्राध्यक्ष आलेत! उद्या विद्यापीठात सगळ्यांना जेवू घालणार आहेत!"

आई कपडे वाळत घालत होती. तिनं पोराकडे नीट पाहिलं. तो पळालाय, त्याला घाम आलाय, हे तिनं पाहिलं, आणि तिचा विश्वास बसला. जो पोरगा गेल्या वादळात छप्पर उडालं तरी सावकाश चालत बाहेर आला होता, तो उगाच पळेल?

"जेवण ते घालणार? आपल्या गावात येऊन?" आईनं चिमटे टोपलीत टाकले. "लोक काय म्हणतील! आधी तुझ्या मामाला फोन लाव!"

रात्रभर गाव जागं होतं, ते सांगत बसत नाही. सकाळी मामाचं डुक्कर पदवीदानाची वाट न बघता निखाऱ्यांवर चढलं. गावच्या मेयरनी मंडपाचे खांब गाडीत टाकले, शाळेचा बँड उठवला, आणि 'अध्यक्षमहाराज, आपलं स्वागत असो' असा कापडी फलक रंगवून घेतला. देशाचं नाव घालायला जागा उरली नाही. बायकांनी रविवारचे झगे घातले, पातेली मांडीवर घेतली आणि अख्खा गाव ट्रकांच्या पाठीवर बसून विद्यापीठाकडे निघाला. पहिल्या ट्रकमध्ये किन उभा होता. वारा त्याच्या केसांतून जात होता. डावीकडे खाडी सोन्यासारखी चमकत होती. नारळीची झाडं एकामागून एक वाकून सलाम करत होती आणि किन प्रत्येकीला मानेनं उत्तर देत होता.

जिमच्या मागे धुराचा लोट होता. धुरात एप्रन बांधलेली एक पाठमोरी आकृती हातात चिमटा घेऊन कोंबडीच्या तंगड्या उलटत होती.

बँड वाजला. आकृती वळली.

डॉक्टर मानिबुसान!

त्यांनी फलक वाचला. ट्रकांवरून उतरणारा गाव पाहिला. पातेली, फुलं, मंडपाचे खांब, बँडमधला सगळ्यात छोटा ढोलवाला, सगळं पाहिलं. त्यांच्या हातातला चिमटा गळून पडला.

"माझ्यासाठी?" ते म्हणाले. आणि हुंदके देऊन रडू लागले.

"किन," आई दातांतून बोलली, "कुठाय तुझा अध्यक्ष?"

उत्तर पैलवानानं दिलं. "हे काय, हेच की अध्यक्ष! तुम्ही ओळखत नाही यांना?"

किनच्या डोक्यातलं बारमाही वारं एकदम पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आडनाव लागू पडलं! त्या शांततेत त्याला सगळं क्रमानं ऐकू आलं: गळका एसी, ठोकलेलं दार, दालचिनी भुरभुरवलेला लाटिया. आणि मांडी घालून बसलेला, घाम पुसणारा गोल चेहरा.

"हा तर आपला फेलिक्स!" मेयर कुजबुजले. "याच्या बाप्तिस्म्याला मी जेवलोय. फलक गुंडाळू का?"

"खबरदार!" आई म्हणाली. तिच्या हातात फुलांचा मुकुट होता, पहाटे उठून गुंफलेला. तिनं एकवार तो पाहिला, एकवार पातेल्यांची रांग पाहिली. "एवढं रांधलंय. आता कुणाला तरी जेवू घालायलाच पाहिजे!" आणि पुढे होऊन तिनं तो मुकुट डॉक्टरांच्या घामेजल्या डोक्यावर ठेवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला! बँडला थांबायचं कळेना. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे विश्वस्त बैठक सोडून गॅलरीत आले. खाली बघतात तर काय, अध्यक्षांसाठी गावच्या गाव लोटलेलं! विश्वस्तांच्या प्रमुखबाईंनी दोन मिनिटं तो सोहळा पाहिला, भाजलेल्या डुकराचा वास हुंगला आणि तिथल्या तिथे म्हणाल्या, "यात आता ठरवायचं काय राहिलं?"

डॉक्टरांनी भाषण केलं. ते लांबलं. पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही, सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

किन तेवढा मागे एका उलट्या बादलीवर बसला होता. संध्याकाळी रोताहून परतलेली डेलिया त्याला तिथंच सापडली. तिला वाटेत दोनतीन जणांनी हकिकत सांगितली होती, प्रत्येकानं वेगळी. ती त्याच्यासमोर उभी राहिली, एकदा त्याच्याकडे, एकदा फलकाकडे पाहिलं.

"मी तेव्हा हेच म्हणणार होते," ती म्हणाली.

"मग म्हणायचंस ना!"

"आजी गेली होती माझी, गाढवा!"

डेलियानं डुकराच्या खरपूस सालीचा एक तुकडा त्याच्या हातात ठेवला आणि शेजारच्या बादलीवर बसली.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओठ घट्ट मिटलेले होते, पण त्यांच्या कडा थरथरत होत्या.

"तायमांग्लो," त्या म्हणाल्या, "लोक निकालाचा अंदाज बांधतात. तू निकालच बांधलास! माणसाची नोकरी वाचवलीस, एसी दुरुस्त करून घेतलास. पण मला हवी होती ती माहिती कुठाय? नापास करू?"

"मॅडम, डुक्कर खाऊन झालंय."

मॅडमना हा मुद्दा का पटला कोण जाणे. "मग पुन्हा विचार. या वेळी देशाच्या नावासकट. आणि या मुलीला बरोबर ने!"

तिसरी फेरी निघाली. किन विचारायचा, डेलिया लिहायची. प्रश्नात आता सगळं होतं, अमेरिका, संयुक्त संस्थानं, नोव्हेंबर, उमेदवारांची नावंसुद्धा. पोरं दचकून बघायची.

"तिकडचे अध्यक्ष? आपल्याला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय ना," किन म्हणायचा.

"आपलं मत धरतात का पण?"

"मी धरतोय."

मग जो तो आपापल्या परीनं विचारात पडायचा. शेजारच्या देशातल्या चूक नावाच्या बेटांवरून आलेला एक मुलगा नम्रपणे म्हणाला, की त्याच्या देशाचे अध्यक्ष वेगळे आहेत, पण हवं तर तो पाहुणा म्हणून मत देईल. बऱ्याच जणांनी दोन्ही उमेदवार बाजूला सारून 'अन्य' म्हणून सांगितलं, "लिही, मानिबुसान. एसी तरी दुरुस्त करतो." असं करत करत डॉक्टर फेलिक्स मानिबुसान बहुमतानं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले! टोनामावशीनं ही बातमी आत नेली तेव्हा साहेबांचा चेहरा पडला म्हणतात. "तिकडे राहायला जावं लागेल का गं?" त्यांनी विचारलं. "बर्फ असतो ना तिथं?"

जलतरण संघातल्या त्या मुलीनं मात्र हसण्यावारी नेलं नाही. प्रश्न ऐकून ती बराच वेळ ओले केस पिळत राहिली.

"माझा भाऊ सैन्यात आहे," ती म्हणाली. "त्याला कुठं पाठवायचं हे तो माणूस ठरवतो. आणि तो माणूस कोण असावा, हे आईला आजवर कुणी विचारलं नाही. मलाही नाही." तिनं एक नाव सांगितलं, अगदी हळू, गुपित सांगावं तसं. "नीट लिही हं. खोडू नकोस."

डेलियानं नीट लिहिलं. त्या दुपारी किननं पुढचा प्रश्न कुणाला विचारला नाही.

प्रकल्प पास झाला. जेमतेम, पण झाला. मुख्य भूमीवरून एकाही वर्तमानपत्राचं उत्तर आलं नाही, आणि सोनेरी केसांची बाईही हल्ली स्वप्नातल्या टीव्हीवर दिसेनाशी झाली. किन खाडीच्या कठड्यावर पाय सोडून बसला होता. पाणी काचेसारखं निवांत होतं, ढगांची सावली त्यावरून सावकाश सरकत होती. असं वाटत होतं, की आता हा दिवस संपायचाच नाही, असाच तरंगत राहील.

"काय रे," शेजारी बसलेली डेलिया म्हणाली, "सगळ्यांना विचारलंस. तुला कुणी विचारलंच नाही! समज, या वेळी खरंखुरं धरणार आहेत. तुझं एक मत, थेट तिकडच्या पेटीत. कुणाला देशील?"

किननं ऐटीत तोंड उघडलं. त्याला ते मत दिसलं, चिमुकलं, पांढरं, सगळा महासागर ओलांडून निघालेलं. ते पेटीपाशी पोचलं. आत पडायला टेकलं. त्यावर नाव काय आहे म्हणून तो वाकून बघायला गेला, आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बोल ना!"

"खरंच धरणार?"

"खरंच."

"मग जरा विचार करावा लागेल गं."

"किती वेळ?"

"काय सांगू? आजवर कधी करावा लागला नाही, त्यामुळे अंदाज नाही."

डेलियानं त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच विचार करत होता. कपाळाला आठ्या, डोळे टक्क उघडे, झोपेचं नाव नाही.

"बरं," ती उठून झगा झटकत म्हणाली, "मग मी जेवून येते."